अज्ञानांची मिळकत व पालकांचे कर्तव्य

(एका खेड्यातील शाळेत भरलेल्या पालकांच्या सभेपुढे केलेले भाषण)



आज आपण येथे पालक म्हणून जमला आहात. शाळेच्या दाखलपुस्तकात ‘पालकाचे नाव’ असा एक रकाना असतो. जो मुलाला हाताला धरून आणतो त्याचे नाव आम्ही त्यात लिहितो. कुणाचा बाप येतो, कुणाची आजी, कुणाचा मामा, कुणाचा चुलता. शाळेपुरते तेवढ्याने भागते. परंतु सरकारदरबारी पालक या शब्दाचा अर्थ फार निराळा आहे. तो ठाऊक नसल्यामुळे आमच्या कुणबी, माळी, धनगर, सुतार, कुंभार बांधवांची पोरकी पोरे आपल्याच बापाच्या शेतावर मजुरीला जाताना आम्ही पाहिली आहेत. म्हणून आज परीक्षेतल्या गुणांविषयी न बोलता या एका रकान्याविषयी चार गोष्टी सांगाव्या असे आम्ही योजिले आहे.

कायदा अठरा वर्षांखालील मुलामुलीस ‘अज्ञान’ म्हणतो व अठरा पुरी झाली म्हणजे ‘सज्ञान’ म्हणतो. अज्ञानाला स्वतः करार करता येत नाही. त्याने केलेला करार मुळातच रद्द, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबीच्या खटल्यात ठरवले, आणि तोच कायदा आजही चालू आहे. तेव्हा अज्ञानाच्या वतीने पाहणारे कुणी मोठे माणूस असावे लागते. ते माणूस म्हणजे पालक. आता हे माणूस कोणी नेमले, त्याला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे ज्या घरात ठाऊक असतील त्या घरातले पोर सहसा नागवले जाणार नाही.

पहिला प्रश्न, पालक कोण? हिंदूंसाठी, व त्यातच बौद्ध, जैन, शीख हेही आले, १९५६ साली अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा झाला. त्याप्रमाणे मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि बापामागे आई. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईपाशीच राहावे असेही त्यात लिहिले आहे. बाप वारला म्हणजे आई पालक होते, ती आपोआप होते. त्यासाठी तिला कोर्टाचा हुकूम लागत नाही, भाऊबंदांची संमती लागत नाही, पंचांची बैठक लागत नाही. चुलता, आजा, मामा हे प्रेमाने सांभाळणारे असतील, पण नुसत्या नात्याने ते कायद्याचे पालक होत नाहीत. बापाने किंवा आईने मृत्युपत्राने नेमले असेल किंवा न्यायालयाने नेमले असेल, तरच त्यांना ते पद मिळते. नुसता कारभार हाती आहे एवढ्यावरून कुणालाही अज्ञानाची मिळकत विकता येणार नाही, असे याच कायद्याचे ११ वे कलम साफ सांगते.

आमच्या आयाबहिणींनी हे नीट ध्यानात धरावे. दहावा-बारावा झाला न झाला तोच दीर कागद घेऊन येतो आणि म्हणतो, “वहिनी, तलाठ्याकडे नोंद करायची आहे, अंगठा द्या.” कागदावर काय आहे हे विचारायची सोय नसते, कारण घरात नुकतेच मरण झालेले असते. पुढे सातबारा पाहावा तर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून चुलत्याचे नाव! अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आई जिवंत असता तेथे आईचे नाव लागावयाचे. जमीनधारक वारला म्हणजे तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्यास वर्दी द्यावी असा महसूल कायदा आहे, आणि वारस अज्ञान असेल तर ती वर्दी पालकाने द्यावयाची. ही वर्दी आईने स्वतः द्यावी. वर्दीत मुलाबरोबर मुलींचीही नावे घालावी व आपलेही घालावे, कारण नवऱ्यामागे विधवा, मुलगे आणि मुली हे सारेच वारस आहेत. फेरफाराची नोटीस लागली म्हणजे हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ते पंधरा दिवस रडण्यात गेले तर पुढे पंधरा वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

दुसरी एक भीती घालण्यात येते. बाईने पुन्हा संसार मांडला, पाट लावला, की मुलांवरचा तिचा हक्क गेला, असे गावात सर्रास सांगतात. ते खोटे आहे. पालकपण कशाने जाते हे कायद्याने मोजून दिले आहे: धर्मांतर करून हिंदू राहिला नाही, किंवा संन्यास घेऊन संसार सोडला, तर. पुनर्विवाह त्यात नाही. सावत्र बाप मात्र त्या लग्नाने पालक होत नाही, हेही खरे. वाद पडलाच तर न्यायालय एकच गोष्ट सर्वांत मोठी मानते, ती म्हणजे मुलाचे हित. मूल कळत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेते.

आणि बाप जिवंत आहे, पण परागंदा झाला आहे किंवा दारूत बुडाला आहे, पोरांकडे ढुंकून पाहत नाही, तर? लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले, तेव्हा बापाची सही आणा असे त्यांना सांगण्यात आले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९९ साली निकाल झाला की बापामागे आई याचा अर्थ बाप मेल्यावरच आई असा नव्हे. बाप मुलाकडे पाहत नसेल, दूर असेल, असमर्थ असेल, तर आईच पालक. ऊसतोडीला गेलेल्या, टाकून दिलेल्या कितीतरी बायकांच्या हाती हा निकाल आहे, पण त्यांच्या कानावर तो कुणी घातलेला नाही.

आता दुसरा प्रश्न, पालकाला काय करता येते? आमच्यात म्हण आहे, कुंपणच शेत खाऊ लागले तर राखावे कुणी? पालक म्हणजे कुंपण. कुंपणाची शेतावर मालकी नसते. पालकाने मुलाच्या शेताची लागवड करावी, खंड घ्यावा, सारा भरावा, मुलाचे खाणे, शिक्षण, दवापाणी त्यातून करावे. परंतु मुलाची जमीन किंवा घर विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे, अदलाबदल करणे, पाच वर्षांहून अधिक मुदतीने किंवा मूल सज्ञान झाल्यावर वर्षाहून पुढे जाईल अशा पट्ट्याने देणे, यांपैकी काहीही न्यायालयाची परवानगी आधी घेतल्याशिवाय करता येत नाही. हा नियम चुलत्याला आहे तसाच आईला आहे आणि बापालाही आहे. आजाने नातवाच्या नावे करून दिलेली दोन एकर पोराच्या बापालाही आपली म्हणून विकता येत नाहीत. परवानगीही केव्हा मिळते? मुलाची खरी गरज असेल किंवा त्याचा उघड फायदा असेल तेव्हाच. चुलत्याच्या मुलीचे लग्न ही पुतण्याची गरज नव्हे.

परवानगी न घेता विकले तर? मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते. पण त्याला मुदत आहे: अठरा पुरी झाल्यापासून तीन वर्षे. म्हणजे एकविसावे वर्ष पुरे होण्याच्या आत दावा दाखल व्हावा. आमची मुले त्या वयात शहरात कारखान्यात किंवा हॉटेलात राबत असतात, आणि गावातली आपली जमीन कुणाच्या नावावर आहे हे त्यांना पंचविशीत कळते. म्हणून ज्यांच्या घरात पोरके मूल आहे त्यांनी त्याच्या अठराव्या वाढदिवशी पेढे नाही वाटले तरी चालेल, पण सातबाऱ्याचा उतारा त्याच्या हाती द्यावा. त्याच वेळी शाळेचा किंवा जन्माचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा आणि अ.पा.क. चे नाव कमी करून घ्यावे. आमचा शाळेचा दाखला आपण पेटीत टाकून ठेवता. त्यावरची जन्मतारीख ही पोराच्या जमिनीची किल्ली आहे.

घेणाऱ्यानेही सावध राहावे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला म्हणजे व्यवहार पक्का झाला, असे समजून पुष्कळ गरीब शेतकरी आयुष्याची पुंजी घालतात. सातबाऱ्यावर अ.पा.क. दिसले की पहिला प्रश्न विचारावा, “कोर्टाची परवानगी कुठे आहे?” ती नसेल तर स्वस्त मिळणारी जमीनसुद्धा महाग पडेल.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे. वाटणी न झालेल्या एकत्र कुटुंबातला जो हिस्सा, त्याला परवानगीचा हा नियम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले आहे. तेथे कुटुंबाचा कर्ता कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी विक्री करू शकतो. या एका फटीतून पुष्कळ पोरांच्या जमिनी निसटतात. यावर उपाय वाटपाचा. कर्त्याच्या हाती मुलाचे नुकसान होत आहे असे दिसल्यास अज्ञानाच्या वतीनेसुद्धा वाटपाचा दावा करता येतो, आणि ते वाटप मुलाच्या हिताचे आहे असे पटल्यास न्यायालय ते करून देते.

तिसरा प्रश्न, पालक चुकला तर विचारायचे कुणी? अज्ञानाला दावा लावता येत नाही, पण त्याच्या वतीने कुणाही सज्ञान व शहाण्या माणसाला लावता येतो. त्या माणसाचे हित मुलाच्या हिताच्या आड येत नसले म्हणजे झाले. त्याला वादमित्र म्हणतात. मामा होऊ शकतो, आत्या होऊ शकते, शेजारी होऊ शकतो. आणि अशा दाव्यात न्यायालयाच्या परवानगीवाचून तडजोड करता येत नाही, म्हणजे वादमित्रालाही परस्पर पैसे खाऊन मिटवता येत नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडून मिळकतीची यादी व हिशेब मागण्याचा आणि तो नालायक ठरल्यास त्याला काढून टाकण्याचा अधिकार १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात आहे. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना आहे. आमच्या मुलाणी, अत्तार, ख्रिस्ती बंधूंनीही तो आपला समजावा. शहाणा माणूस स्वतःच्या मिळकतीची जशी काळजी घेतो तशी पालकाने पाल्याच्या मिळकतीची घ्यावी, हे त्या कायद्याचे सार.

“मास्तर, वकिलाला पैसा कुठून आणायचा?” असे कुणी विचारील. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. साधा अर्ज द्यावा लागतो. तेथे जायला लाज वाटण्याचे कारण नाही. ती भीक नव्हे, हक्क आहे.

आता मोठ्या माणसांच्या पालकत्वाविषयी. अठरा उलटली तरी ज्यांना स्वतःचा कारभार पाहता येत नाही अशी माणसे घरोघर आहेत. कुणी जन्मापासून बुद्धीने अधू, कुणी लकव्याने वाचा गेलेले, कुणी अपघाताने बेशुद्ध पडलेले. त्यांच्या बाबतीत आपल्याकडे दोन चुका होतात. एक, आंधळा, मुका, बहिरा, पांगळा म्हणजे अक्षम असे धरून त्याचा हिस्सा खाणे. कायदा तसे मानत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना इतरांसारखीच मिळकत बाळगण्याची व कारभार करण्याची योग्यता दिली आहे. मदत देऊनही ज्याला निर्णय घेता येत नाही, त्याच्यासाठीच आणि नेमक्या कामापुरतेच मर्यादित पालकत्व आहे, आणि तेही त्याच्या मताने चालावयाचे.

दुसरी चूक, अंगठा उचलून घेणे. म्हातारा खाटेवर पडला आहे, माणूस ओळखत नाही, आणि त्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला जातो. ज्याला व्यवहार समजत नाही त्याचा करार करार नव्हे, असे १८७२ चा करार कायदा सांगतो. अंगठा देणारा वेडा किंवा अज्ञान दिसल्यास दस्त नोंदू नये असे नोंदणी अधिकाऱ्यालाही बंधन आहे. कुणी म्हणेल, आमच्याकडे बापाने शुद्धीत असताना दिलेले मुखत्यारपत्र आहे. देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्र संपते. त्या कागदावर पुढे केलेली विक्री टिकत नाही.

मग खरा मार्ग कोणता? स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता, बहुविकलांगता या चार प्रकारच्या माणसांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडील स्थानिक समितीपुढे आईबाप किंवा नातलग पालकत्वासाठी अर्ज करू शकतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मिळकतीची यादी द्यावयाची आणि दरसाल हिशेब द्यावयाचा. आपल्यामागे या लेकराचे कसे होईल, या काळजीने ज्या आईबापांची झोप उडाली आहे त्यांनी आपल्या हयातीतच हे काम करून ठेवावे. मनोरुग्णांच्या मिळकतीसाठी पालक नेमण्याची सोय १९८७ च्या कायद्यात होती. त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला, त्यात उपचारापुरता प्रतिनिधी नेमता येतो, जमीनजुमल्यासाठी नाही. बेशुद्धीत पडलेल्या माणसासाठी तर वेगळा कायदाच झालेला नाही. तेथे उच्च न्यायालयाकडे जावे लागते, आणि न्यायालये बायकोला किंवा मुलाला पालक नेमून देतात. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली त्यासाठी नियमही घालून दिले. २०२५ च्या ऑगस्टपासून मुंबई उच्च न्यायालयाचे काम कोल्हापुरातही चालू झाले असल्याने सातारा, सांगली, सोलापूरकडच्या लोकांची मुंबईची खेप तरी वाचली आहे. तरीसुद्धा ज्याचा नवरा दवाखान्यात बेशुद्ध आहे तिने बँकेतले स्वतःच्याच घरचे पैसे काढण्यासाठी उच्च न्यायालयात जावे, हा गरिबावर अन्यायच आहे. याचा सोपा कायदा तालुक्याच्या पातळीवर व्हावा, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींपुढे ठेवली पाहिजे.

मोठ्यांसाठी कायदे लवकर होतात. जहागीरदार-इनामदारांच्या अज्ञान वारसांची इस्टेट सांभाळण्यासाठी मुंबई सरकारने १९०५ साली ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’चा कायदा केला, दोन एकरवाल्याच्या पोरासाठी कलेक्टर राखणदार झाला नाही. आणि पालक वाईट निघाला तर राजाचीही धडगत नसते. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले, नगरच्या किल्ल्यात ठेवले गेले, आणि रखवालीवरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर २५ डिसेंबर १८८३ रोजी तेथेच वारले. त्यांच्यामागून १८८४ साली दत्तक आलेले शाहू महाराज तेव्हा दहा वर्षांचेही पुरे नव्हते. १८८६ साली जनक वडीलही गेले. मात्र त्यांचे शिक्षण झाले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्य त्यांच्या हाती आले. पुढे त्या राज्यात आमच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे निघाली. एकाच गादीवरचे हे दोन पाल्य. पाल्याला कोंडून ठेवले तर काय होते आणि शिकवून त्याचे त्याला दिले तर काय होते, हे यावरून समजावे.

आता शेवटची शंका. “घरची गोष्ट कोर्टात कशाला न्यायची? चुलता काय परका आहे?” आम्ही सर्व चुलत्यांना दोष देत नाही. स्वतःच्या पोराला फाटके घालून पुतण्याला शिकवणारे चुलते याच गावात आहेत, आणि त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो. परंतु त्यांनाच आमचे सांगणे आहे की, हिशेब ठेवा. एक साधी वही करा. पीक किती आले, किती विकले, पोराच्या फीला, औषधाला काय लागले, सारा किती भरला, ते लिहा, पावत्या जपा. सुताराच्या घरी बापाची हत्यारे, कुंभाराच्या घरी भट्टीची जागा, शिंप्याच्या घरी यंत्र असेल तर त्याचीही यादी चार लोकांदेखत करून ठेवा. मुलाच्या नावाचा पैसा असेल तर तो बँकेत मुलाच्याच खात्यात ठेवा, आपल्या खात्यात मिसळू नका. अठरा वर्षांनी कुणी पोराचे कान भरले तर ती वही तुमची साक्ष होईल. हिशेब मागितला म्हणजे इमानावर संशय घेतला असे मानण्याची आमच्या लोकांना खोड आहे. वास्तविक इमानदार माणसाला हिशेबाइतका दुसरा सोबती नाही. ज्याला हिशेब द्यायचा नसतो तोच रागावतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, आज घरी गेल्यावर एवढे करावे. आपल्या घरात किंवा शेजारी बाप नसलेले मूल असेल, किंवा स्वतःचे पाहू न शकणारे माणूस असेल, तर त्याच्या नावाचा सातबारा किंवा घराचा उतारा काढून आणावा. तो वाचता येत नसेल तर शाळेत आणावा. रोज शाळा सुटल्यावर आम्ही घटकाभर येथे बसत जाऊ व ज्याचा उतारा त्याला वाचून दाखवू. वर्गात बसलेल्या आपल्या मुलामुलींनाही आम्ही याच महिन्यात उतारा वाचायला शिकवणार आहोत, कारण बाराखडी शिकून ज्याला स्वतःच्या जमिनीवरचे नाव वाचता येत नाही, त्याचे शिक्षण अर्धेच राहिले असे आम्ही समजतो.